बॅटरीचं पान

"बुवा, टॅब बंद पडला तर तुम्हाला एक तरी गजर पाठ येतो का हो?"

विचारलं मी! अख्ख्या तालमीसमोर, पखवाजवाल्याने नुकताच हात थांबवलेला असताना, अगदी स्टेजवरच्या आवाजात. देवळाच्या खिडकीबाहेर शेफाली आणि ग्रीष्मा एकमेकींना चिमटे काढत उभ्या होत्या. सकाळीच वर्गात पैज लागली होती. मी हा प्रश्न बुवांना तोंडावर विचारला तर त्या दोघी आठवडाभर माझं दप्तर उचलणार. दप्तराचं मला काही नव्हतं. पण ग्रीष्मा म्हणाली होती, "हर्षाली, तुझी हिंमतच नाही." आणि आठच दिवसांपूर्वी तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिला नंबर काढलेल्या मुलीला हे म्हणायचं नसतं.

बाळकृष्ण बुवा धुरी पेटीचा भाता दाबून धरून तसेच बसले. बासष्ट वर्षांचे, काटक, कपाळाला बुक्का. डबलबारीतलं आमच्या पंचक्रोशीतलं सगळ्यात मोठं नाव. डबलबारी म्हणजे भजनाची कुस्तीच. दोन बुवा, दोन पेट्या, समोरासमोर. एकाने गाण्यातून टोमणा मारायचा, दुसऱ्याने गाऊनच तो परतवायचा. बुवांनी तीस वर्षांत एकही टोमणा अंगावर ठेवला नव्हता. माझाही ठेवला नाही.

"कोणी शिकवल्यान तुका ह्यां?"

"कोणीच नाही. मला प्रश्न पडला."

"आठवीतलां चेडू, एवढीशी पोर. एक कप काय मिळालो, माझी परीक्षा घेता!" ते पखवाजवाल्याकडे बघून म्हणाले, पण आवाज खिडकीबाहेर पोचेल असा. "हिच्या बापाशीक, त्या मेस्त्र्याक सांगा रे, पेट्यांचे सूर लावतंस, तसां पोरीच्या तोंडाकय कायतरी लाव. आणि माघीच्या सामन्यात ही गौळण म्हणूची नाय. खलास."

ती गौळण मी एकटीने म्हणणार होते. माझी पहिली. आईने त्यासाठी मोरपिशी ओढणी आणून ठेवली होती.

दोन वर्षं झाली ह्याला. आता मी दहावीत आहे. हे सगळं लिहून काढ, असं मला बुवांनीच सांगितलं, अट एवढीच घातली, "आधी माका वाचूक दी, मगे कोणाक देवचां ता बघ." तर लिहिते, माझं वागणंही न लपवता.

आधी टॅबचं सांगते, कारण त्या वस्तूवर तेव्हा माझा फार राग होता. पावणेनऊ इंचांचा. तो येईपर्यंत बुवांसमोर वह्या असायच्या, त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या काकींनी, टपोऱ्या अक्षरात लिहिलेल्या. काकी श्रावणात गेल्या आणि दसऱ्याला बुवा कणकवलीहून टॅब घेऊन आले. माप मात्र असं होतं की जणू पेटीसाठीच केलाय. मोबाइल ठेवला तर अक्षरं मुंग्यांएवढी, लॅपटॉप ठेवला तर पेटीवाल्याचं तोंडच झाकणार. हा बरोबर मधला. माझ्या बाबांनी त्याच्यासाठी पेटीच्या झाकणावर बसणारा सागवानी स्टँड करून दिला. बाबा पेट्या दुरुस्त करतात, मुंबईच्या चाकरमान्यांच्या पेट्यासुद्धा आमच्या पडवीत येतात. आणि काकींच्या अकरा वह्या दिवाळीच्या सुट्टीत टॅबवर टाइप केल्या कोणी? मी! बोटं सुजेपर्यंत! अकरा वह्या त्या एवढ्याशा काचेत मावल्या आणि तरी पोट रिकामंच होतं त्याचं.

पण त्यानंतर बुवा त्याच्यावरून नजरच काढेनात. ओळींखालून बोट फिरवत गायचे. घरी असले की कानात वायर घालून टॅब मांडीवर घेऊन ओटीवर बसायचे, कोणी आलं की वायर खेचून खिशात. शेफाली म्हणायची, "सिनेमे बघतो म्हातारा." सगळ्या गावात कुजबुज सुरू झाली होती, की बुवांचं आता काही पाठ राहिलेलं नाही. मी फक्त ती मोठ्याने बोलून दाखवली.

त्या दिवशी घरी माझ्या आधी बातमी पोचली होती. आईने भाकरी तव्यावर आपटली.

"चार माणसांत आमचां नाव काढल्यान! तू कित्याक तोंड घातलंस?"

"मी प्रश्न विचारला फक्त." कप मिळाल्यापासून मी घरातही शाळेतली भाषा बोलायचे.

"आणि तो कोण गो मोठो? पोरीकडसून फुकट अकरा वह्यो लिहून घेतल्यान, आणि गौळण काढून घेता?" आईचा राग असाच. आधी माझ्यावर, मग माझ्या बाजूने, आणि दोन्ही वेळा तेवढाच मोठा.

बाबा रंध्यावर हात ठेवून म्हणाले, "सामन्याचो शब्द दिलेलो आसा. तेवढां होऊ दे. मगे त्या देवळाची पायरी बंद. तुझी पण आणि माझी पण."

सामन्याला चार दिवस राहिले तेव्हा मंडळाची व्यवस्था बघणारे दशरथकाका मला म्हणाले, "गाणां नाय तर नाय, तू बुवांच्या बाजूक बस आणि टॅब सरकव. सगळां तुझांच टाइप केलेलां. खंय काय आसा ता तुकाच म्हायती."

"माका नको कोण बाजूक!" बुवा ओरडलेच. "आणि ही तर नकोच नको!"

"बुवा, गेल्या टायमाक दोन दोन मिनिटांनी तो काळो पडत होतो. घामाच्या बोटाक दाद देणा नाय. रावळ बुवा समोर आसा, उगाच फजिती नको."

बुवांनी तोंड फिरवलं. मला वाटलं, किती द्वेष करतात हे माझा! करू दे. मीही करत होते.

माघी गणेशजयंतीचा आमचा सामना दुपारी तीनला असतो, कारण रात्री दशावतार. मांडव पश्चिमेला उघडा. चारशे माणसं, आणि पहिल्या रांगेत शेफाली आणि ग्रीष्मा, हातात ग्रीष्माच्या भावाचा मोबाइल. समोरच्या गादीवर सुहास बुवा रावळ. तिशीचे, हायस्कूलचे मास्तर, खळीचा झब्बा, दाढी कोरलेली. त्यांच्यासमोरही टॅब होता, आमच्यापेक्षा मोठा.

पहिली बारी आमची. बुवा एवढंच बोलले माझ्याशी, तेही पुढे बघत, "पान सरकवूक लागात तेवढोच हात लाव. तोंड बंद."

मी ठरवूनच आले होते. गौळण काढून घेतली ना? आता बघा.

बुवांनी गणपतीचा अभंग घेतला, मी बरोबर पान लावलं. मग गजर सुरू झाला. टाळांचा वेग वाढला, कोरस उठला, आणि दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी मी बोट सरकवलं आणि गजराच्या जागी टॅबच्या सेटिंगमधलं बॅटरीचं पान उघडलं. बॅटरी एक्केचाळीस टक्के. स्क्रीनने किती खाल्ली, वायफायने किती खाल्ली, त्याची यादी. म्हटलं, गा आता हे.

बुवा गायले.

दुसरं कडवं. तिसरं. एक शब्द इकडचा तिकडे नाही, एक मात्रा सांडली नाही. आणि त्यांचं बोट त्या बॅटरीच्या यादीखालून फिरत होतं. डावीकडून उजवीकडे. ओळ संपली की खालच्या ओळीवर. वायफाय नऊ टक्के, त्याच्याखालून बोट, आणि तोंडात पांडुरंग.

मला आधी हसू आलं. मग हाताला काटा आला. ते पानाकडे बघत होते. डोळे त्याच्यावरच होते. मग चुकीचं पान आहे हे दिसत कसं नव्हतं ह्यांना?

काकींच्या वह्या आठवल्या. रसिकांच्या फर्माईशीच्या चिठ्ठ्या आठवल्या. त्या बुवा कधी उघडायचेच नाहीत, हसून खिशात टाकायचे, आणि पुढच्या दिवशी मात्र त्यातलं सगळं त्यांना माहीत असायचं. कानातली वायर आठवली. टॅबला मजकूर मोठ्याने वाचून दाखवता येतो, हे मीच त्यांना दिवाळीत सांगितलं होतं आणि ते म्हणाले होते, "म्हायती आसा माका. ताच विचारून घेतलंय."

माझा प्रश्नच उलटा होता! टॅब बंद पडला तर ह्या माणसाचं काहीच बंद पडणार नव्हतं. सगळं पाठ होतं. पाठच होतं फक्त.

मी गुपचूप गजराचं पान परत लावलं. आता त्याचा काही उपयोग नव्हता, पण लावलं.

मग रावळ बुवांची बारी. आवाज गोड आणि जीभ अशी की काकडी चिरावी. "आमचे बुवा आता डिजिटल झाले," ते माइकवर म्हणाले. "वय झालं की काठी लागते, ह्यांनी काच घेतली!" हशा. "लोक विचारतात, पाठ येतं की नाही. मी म्हणतो, येत असेल हो, म्हाताऱ्या माणसाला असं विचारू नये." पुन्हा हशा, आणि माझे कान गरम. हा माझाच प्रश्न होता. गावभर फिरून आला होता.

"तर आज लेखी परीक्षा!" रावळ बुवा उठले, स्वतःचा टॅब घेऊन सतरंजी ओलांडून आले, आणि तो आमच्या स्टँडवर, आमच्या टॅबच्या पुढ्यात ठेवला. "माझा सवाल ह्यावर लिहिलाय. बुवांनी स्वतः मोठ्याने वाचून दाखवायचा, आणि मग गाऊन उत्तर द्यायचं. वाचा, बुवा!"

शिट्ट्या. "वाचा! वाचा!"

बुवांनी चष्मा काढला. धोतराच्या सोग्याने पुसला. परत लावला. पेटीची एक पट्टी दाबलेली राहिली होती आणि बारीक सूर निघत होता, तो त्यांना ऐकूच येत नव्हता. तीस वर्षं. तीस वर्षं हा माणूस वहीसमोर बसला होता. आणि आता चारशे माणसांना कळणार होतं.

समोर ग्रीष्माने मोबाइल वर धरला. शेफाली ओठांनीच मला म्हणाली, "फसला!"

मला काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. तोंड बंद, असं त्यांनीच सांगितलं होतं की!

मी माइक ओढला.

"रावळ बुवा, तुमच्या टॅबवर ऊन आलंय. आरसा झालाय त्याचा. ह्यात मला तुमचीच दाढी दिसते. तीच वाचायची का?"

मांडव कोसळला हसून. रावळ बुवांनी वाकून बघितलं, आणि खरंच, मावळतीचं ऊन थेट काचेवर पडून तिथे आभाळ आणि दाढी ह्यांच्याशिवाय काही नव्हतं. "सावलीत घ्या," ते म्हणाले. "बुवांना द्या."

"बुवांच्या हातात पेटी आहे. सामना थांबवायचा का तुमच्या काचेसाठी?" मी टॅब उचलला, अंगावरची मोरपिशी ओढणी डोक्यावरून घेतली, तिच्या आत टॅब धरला आणि स्पर्धेत वाचतात तसा सवाल वाचला. "'बुवा, टॅबचे गुण सांगा, टॅबचे दोष सांगा, दोन्ही एका गजरात बांधा. वही थोर की टॅब थोर, आज होऊ द्या निवाडा.' झालं. एवढंच आहे."

"तू कोण गं मध्ये बोलणारी?" रावळ बुवा.

"टॅब सरकवणारी!"

बुवा माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते. त्यांनी डोळे मिटले. पेटीवर दोनदा बोटं फिरवली, पखवाजवाल्याला मानेने खूण केली, आणि जागच्या जागी बांधून गायले:

"वीतभर काच, तिच्या पोटी हजार गाणी,
भूक तिला विजेची, सोसवेना पाणी,
सावलीत शहाणी, उन्हात ती आंधळी,
डोळा माझा बाजूला, पोर ही वेंधळी!"

कोरसने शेवटची ओळ उचलली ती सोडेचना. पोर ही वेंधळी, पोर ही वेंधळी! चारशे माणसं टाळ्यांनी ताल धरत होती आणि प्रत्येक जण माझ्याकडे बघत होता. रावळ बुवांनीही हात जोडले. मला रडूही येत होतं आणि नाचावंसंही वाटत होतं. वेंधळी काय! मी?

सामना संपला. बुवा देवळामागच्या चिऱ्याच्या पायरीवर एकटेच बसले होते, टॅब मांडीवर उपडा. मी गेले.

"बॅटरीचां पान कित्या लावलंस?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"तुम्हाला कळलं?"

"चित्र कळतां माका. अक्षर कळणा नाय." पहिल्यांदाच बोलले असतील हे कोणासमोर. तेही असं, शिवी दिल्यासारखं. "बोट थांबवलंय असतंय तर सगळ्यांका कळलां असतां. म्हणान फिरवत ऱ्हवलंय."

"मी मुद्दाम लावलं, बुवा. तुम्ही अडकावं म्हणून."

"म्हायती आसा."

"तरी डोळा म्हणालात?"

"वेंधळी पण म्हटलंय."

मी पायरीवर त्यांच्या शेजारी टेकले. मग मी विचारलं, "काकी वाचून दाखवायच्या?"

"रोज सांजवेळी. दार लावून. लोकांका वाटायचां भांडतत." त्यांनी वायर बोटाला गुंडाळली. "ह्यां मशीन पण वाचतां. शब्द न शब्द बरोबर. पण खंय थांबूचां ता त्याका कळणा नाय. ती ओळीच्या शेवटाक श्वास घेई. थंय माका चाल सुचायची. ह्यां श्वासच घेणा नाय."

आठवड्यापूर्वी मला पैजेशिवाय एकही प्रश्न विचारायची हिंमत झाली नसती. हा मी कोणी न सांगता विचारला.

"बुवा, शिकाल? वाचायला?"

ते ताडकन उठले. "कोणाकडे? तुझ्याकडे? आठवीतल्या चेडवाकडे, बासष्टाव्या वर्षी, पाटी घेऊन बसू? दया दाखवतंस माका?" आवाज चिरकला. "सांग जा सगळ्यांका, आणखी एक कप मिळात तुका! आणि परत ह्या देवळात तोंड दाखवू नको!"

टॅब त्यांच्या हातात होता, स्टँडसकट पेटी मात्र तशीच मांडवात राहिली. ते तरातरा निघून गेले.

वाटेत ग्रीष्माने गाठलं. "व्हिडिओ भारी आलाय! बुवांचा तो चेहरा बघ, चष्मा पुसताना! टाकू?"

"पुस तो."

"वेडी आहेस का? दप्तर उचलणार होतो आम्ही तुझं!"

"नका उचलू. पुस." मी हात पुढे केला आणि तो पुसला जाईपर्यंत मागे घेतला नाही. ग्रीष्मा महिनाभर माझ्याशी बोलली नाही. बरंच झालं.

दिवेलागणीला घरी पोचले. पडवीत बाबा होते, आणि त्यांच्यापुढे बुवांची पेटी. दशरथकाका आणून टाकून गेले होते, एक पट्टी दाबलेलीच राहते म्हणून. आई दारात कमरेवर हात ठेवून उभी.

"चार गावांसमोर वेंधळी म्हणालो! माझ्या पोरीक! जिणां त्याची लाज राखल्यान तिकाच!"

"कसली लाज?" मी दचकले.

"उन्हात दिसणा नाय म्हणान सांभाळून घेतलंस ना त्याका. दशरथ सांगत होतो." आईला तेवढंच माहीत होतं. जीव भांड्यात पडला.

बाबांनी पेटीचा मागचा खिळा सैल केला. "पट्टीचां काम अर्ध्या तासाचां. सकाळी नीट करून पाठवतंय. स्टँड काढून घेतंय. मगे संबंध संपलो. तुका पण सांगतंय, हर्षाली, त्या माणसाचां तोंड बघूचां नाय."

मी ओढणी काढली. घडी केली. आणि स्पर्धेत पहिलं वाक्य बोलायच्या आधी घेतात तसा श्वास घेतला.

"आई, बाबा, मी एक ठरवलंय. ही पेटी सकाळी जाणार नाही. बाबा, बुवांना निरोप पाठवा, काम मोठं आहे, रोज सहाला येऊन सूर तपासून जावं लागेल. पेटी दुरुस्तीला असली की बुवा आपल्या पडवीत येऊन बसतात, कोणाला त्यात काही वाटणार नाही."

"आणि तू?" आई.

"मी अभ्यासाला बसणार. इथेच, त्यांच्या शेजारी, काकींच्या वह्या घेऊन. का, ते तुम्ही मला विचारायचं नाही, आणि मी सांगणारही नाही."

"तो तुका देवळात येव नको म्हणालो मगाशी. जाता जाता ओरडलो तेवढां दशरथान ऐकल्यान," बाबा म्हणाले.

"देवळात म्हणाले. पडवीचं काही बोलले नाहीत." मी पेटीजवळ जाऊन ती अडकलेली पट्टी दाबून बघितली. "आणि बाबा, ही पट्टी नीट करायची नाही. मी सांगेपर्यंत नाही. वर्ष लागलं तरी."